जिंकलेल्या गडाची रयत

सुलतान सिकंदरबख्तला धीर असा ठाऊकच नव्हता. भैरवकड्याला वेढा पडला, त्याच आठवड्यात त्याने राजधानीत हत्तीवरून साखर वाटली आणि दवंडी पिटवली, "गड फत्ते झाला! नाही म्हणेल त्याची जीभ छाटली जाईल."

गड मात्र पडेना. पावसाळा उलटला. तोफा डागणारे गोलंदाजही जिभेच्या भीतीने सांगत, "आपल्याच गडाची डागडुजी चाललीय."

गडावरचा दाणा संपला. लेकरं चिंचेचा पाला उकडून खाऊ लागली, तेव्हा किल्लेदाराची बहीण आउबाई पांढरं निशाण घेऊन एकटीच खाली उतरली. सुलतानाच्या शामियान्यात तिने नीट लवून मुजरा केला.

"शरण आलीस?" सुलतान गरजला.

"शरण शत्रू येतो, खाविंद. गड तर आपण कधीच जिंकलात, आम्ही आपली रयत. गाऱ्हाणं घेऊन आलेय. आपल्या गडावर कुणीतरी रोज तोफा डागतंय आणि आपली रयत उपाशी मरतेय."

"खोटं! गड अजून..." सुलतान बोलता बोलता थांबला, कारण सवयीने जल्लाद एक पाऊल पुढे सरकला होता.

वजिराने डोळे मिटून घेतले.

संध्याकाळपर्यंत धान्याचे बैल गड चढू लागले आणि तोफा माघारी वळल्या. निघताना सुलतानाने दात खाऊन विचारलं, "आणि माझ्या गडाच्या किल्ल्या?"

"आपल्याच किल्लेदाराच्या कमरेला आहेत, खाविंद," आउबाई म्हणाली. "बिनघोर जा."