बांधावरची बट

रानडुकरं आणि माणसं एकाच शिवारावर हक्क सांगत होती, त्या काळची ही गोष्ट. गेनबानं न्हाव्याकडचे कापलेले केस पोत्यात भरून आणले आणि भुईमुगाच्या बांधावर पसरले. "याच्या वासानं डुकरं बिचकतात बघ," तो बायकोला म्हणाला.

ते ऐकून केसांतल्या एका कुरळ्या बटेच्या काळजाचं पाणी झालं. कालपर्यंत ती पाटलाच्या कपाळावर मिरवत होती. आता ना खाली डोकं, ना हातात काठी, आणि म्हणे डुकराला अडवायचं!

दिवस कलला तसं डुक्कर आलंच. त्याचं ओलं नाक बटेला टेकलं. बट लटलटा कापू लागली. तोच डुक्कर दचकलं, फुरफुरलं आणि ओढ्याकडे पळत सुटलं.

"मला भ्यालं! मला!" बट हरखली.

"तुला नाही गं," शेजारचा पांढरा केस म्हणाला. "ज्यानं तुला नको म्हणून कापायला लावलं, त्याच्या वासाला भ्यालं ते. आणि तो वासही रोज थोडा थोडा उडतोय."

वारा सुटला. ओढ्यापलीकडे डुक्कर नाक वर करून उभंच होतं, आणि इकडे बट घाईघाईनं स्वतःलाच हुंगून बघत होती.