चेअरमनसाहेबांचा बोर्ड

दोष सोसायटीचे चेअरमन खानविलकर यांचाच. बारा वर्षं नुसती खुर्ची उबवली, फाटकातला खड्डा काही बुजवला नाही. तळमजल्यावरची रेश्मा स्कूल व्हॅन चालवायची; त्याच खड्ड्यात आदळून तिच्या व्हॅनचं ऑइल चेंबर फुटलं आणि इंजिन जाम झालं. गॅरेजवाला आठ दिवस मागत होता आणि सोमवारी व्हॅन आली नाही, तर शाळा दुसरी व्हॅन लावणार होती. पोरगी डगमगली नाही. आवारातल्या चिंचेला चेनपुली बांधून तिनं स्वतःच इंजिन उतरवलं.

खानविलकर काठी आपटत आले. "बोर्ड वाचता येत नाही? 'आवारात कोणतेही काम करण्यास सक्त मनाई!'"

"वाचला ना काका," रेश्मा पाना फिरवत म्हणाली. "पण मला वाटलं, तो फक्त चेअरमनसाठी आहे. बारा वर्षं तुम्ही एकटेच पाळताय."

सगळ्या गॅलऱ्या खदखदून हसल्या. सोमवारी व्हॅन शाळेत पोचली. पुढच्या सभेत खानविलकरांची चेअरमनकी गेली.