सतेलं इकडे, झाकण तिकडे

एकदा एक कथेकरी होता. त्याची हकिकत माझ्याइतकी रंगवून सांगणारा माणूस या पंचक्रोशीत नाही, हे मी छातीठोकपणे सांगतो. आता, पंचक्रोशीत ती माझ्याशिवाय कोणाला ठाऊकच नाही, आणि मलाही निम्मीच आठवते, तो भाग निराळा. उरलेली निम्मी मी घरची घालतो. तुम्हाला फरक कळणार नाही.

तर हा कथेकरी वयाने तरुण, आवाजाने खणखणीत आणि अकलेने मध्यम होता. गुळाच्या पेठेतल्या एका व्यापाऱ्याच्या धर्मशाळेत त्याची बैठक असे. हंगामात दूरदूरचे खरेदीदार आणि गाडीवान तिथे उतरत. रोज संध्याकाळी कथेकरी त्यांना एक लांबलचक गोष्ट थोडी थोडी सांगे आणि ऐन रंगात थांबे. गोष्ट अर्धी राहिली की गिऱ्हाईक मुक्काम वाढवी, आणि मुक्काम वाढला की गूळही इथलाच घेई. व्यापाऱ्याचा परमार्थ असा चोख होता.

कथेकऱ्याला त्या बदल्यात राहायला खोली होती आणि पोटाला अन्न होतं. त्या खोलीच्या भरवशावरच त्याचा सासरा मुलीची पाठवणी करायला कबूल झाला होता. "बैठक सुटली तर तुम्हीच इकडे या, जावईबापू," असं सासऱ्याने प्रेमाने बजावून ठेवलं होतं. म्हणजे घरजावई व्हायचं आणि म्हशी धुवायच्या. सासऱ्याच्या म्हशी लाथाळ होत्या, आणि सासराही काही फारसा वेगळा नव्हता.

हंगाम सुरू झाला तेव्हा कथेकऱ्याने एक राजपुत्र घेतला आणि त्याच्यापुढे वाघ सोडला. लोक सरसावून बसले. दुसऱ्या दिवशी वाघापेक्षा मोठं काहीतरी हवं, म्हणून दोन तोंडांचा वाघ आला. मग अजगर, मग राक्षस, मग राक्षसाचा थोरला भाऊ. होता होता राजपुत्राने सगळे मारले, राजकन्या वरली आणि सिंहासनावर जाऊन बसला. हंगाम अजून अर्धाही सरला नव्हता.

"आता काय करणार तुमचा राजपुत्र?" एका गाडीवानाने जांभई देत विचारलं. "जेवून झोपणार?"

सगळे हसले. व्यापारी मात्र हसला नाही. त्याने कथेकऱ्याला बाजूला घेतलं.

"हे बघा, उद्या संध्याकाळी नवी गोष्ट बसली पाहिजे. हंगामभर पुरेल अशी. नाहीतर वेशीबाहेर कळसूत्री बाहुल्यांचा खेळ उतरलाय, त्यांना बोलावतो. बाहुल्यांना जेवायलाही लागत नाही."

कथेकऱ्याला त्या क्षणी म्हशींचं हंबरणं स्पष्ट ऐकू आलं.

सकाळ होताच तो आपल्या गुरूकडे धावला. गुरू शेजारच्या गावात राहत असे. म्हातारा पूर्वी नामांकित कथेकरी होता. आता दात गेले होते, तरी फुटाणे खाण्याचा हट्ट होता. तो ते खलबत्त्यात कुटत बसला होता.

"गुरुजी, एक राक्षस द्या," शिष्य पाय धरून म्हणाला. "मोठ्यात मोठा. लवकर न मरणारा."

"राक्षस नाहीत शिल्लक," म्हातारा म्हणाला. "भांडी आहेत. ऊठ, ते सतेलं उचल."

त्या गावाची एक रीत होती. पंगतीची मोठी भांडी साऱ्या गावात सामाईक. ज्याच्या घरी कार्य असेल त्याने ती न्यायची, आणि घासूनपुसून परत आणून द्यायची. वर्षभर ती एका घरी ठेवत. घर कोणतं, हे गावाच्या वतीने म्हातारा ठरवी, आणि नव्या वर्षाचं घर आजच ठरायचं होतं. तांब्याचं ते सतेलं एवढं होतं की त्यात सगळ्या गावाचा भात शिजे, आणि शिष्य आत बसला असता तर बाहेर फक्त शेंडी दिसली असती.

म्हाताऱ्याने सतेलं शिष्याकडून रखमाजीच्या ओसरीवर ठेववलं. आणि झाकण? झाकण त्याने समोरच्या घरी, गिरजाकाकूंकडे दिलं.

शिष्य चकित झाला. कारण गिरजाकाकू रखमाजीची सख्खी भावजय, आणि दोघांत शब्द नव्हता. मागे एका मुंजीच्या पंगतीत काकू वाढत होत्या आणि रखमाजीच्या पानात कढी पडली नव्हती. काकू म्हणत वाढली, रखमाजी म्हणे वाढली नाही. तेव्हापासून अबोला.

"गुरुजी, झाकण चुकून समोर दिलंत," शिष्य कुजबुजला.

"बस इथे पारावर. फुटाणे खा," म्हातारा बरोबर आणलेला खलबत्ता मांडीवर घेत म्हणाला.

म्हाताऱ्याचं डोकं चळलं, आणि आपण संध्याकाळी बैठकीत तोंड उघडून नुसते बसणार, हे शिष्याला दिसू लागलं. तो उठणार, इतक्यात एक गृहस्थ आला. त्याच्या घरी नातवाचं बारसं होतं. रखमाजीने सतेलं दिलं.

"झाकण?"

"ते समोर आहे म्हणे. मी त्या दाराला जात नाही."

गृहस्थ समोर गेला. काकू दारातच उभ्या होत्या.

"देते की झाकण. पण सतेलं ज्यांच्याकडे आहे त्यांना म्हणावं, स्वतः येऊन मागा. भांडं त्यांचं उघडं आहे, माझं नाही."

गृहस्थ परत आला. रखमाजी आढ्याकडे बघत मोठ्याने म्हणाला, "त्यांना सांगा, काही लोक कढीसुद्धा मागितल्याशिवाय वाढत नाहीत."

"आणि त्यांना सांगा," काकू त्याहून मोठ्याने म्हणाल्या, "काही लोक ओरपून वर मिशा पुसतात."

गृहस्थ मधल्या मधे हेलपाटे घालत होता. तेवढ्यात दुसऱ्या आळीतली एक बाई आली. तिच्या लेकीचं डोहाळजेवण, तेही त्याच दिवशी. तिला रंग दिसला. तिने शहाणपणा केला, सतेल्याकडे वळलीच नाही. तडक काकूंकडे जाऊन गोड बोलून झाकण काखोटीला मारलं आणि चालती झाली. आता बारशाकडे सतेलं आणि डोहाळजेवणाकडे झाकण. भात कोणाचाच शिजेना. गृहस्थ बाईच्या मागे धावला, आणि रखमाजी धोतर सावरत गृहस्थाच्या मागे. काकू मात्र जागच्या हलल्या नाहीत. फक्त मान लांब झाली.

शिष्य हसून हसून पाराखाली यायचा राहिला होता. म्हशी, सासरा, बाहुल्या, सगळं तो विसरला. त्याने म्हाताऱ्याचं मनगट धरलं.

"मग पुढे, गुरुजी? आता पुढे काय होणार?"

म्हाताऱ्याने खलबत्ता खाली ठेवला.

"काय म्हणालास?"

"म्हटलं, पुढे काय..." शिष्य बोलता बोलता थांबला.

"हाच प्रश्न तुझ्या राजपुत्राबद्दल लोकांनी विचारणं सोडलं, होय ना?" म्हातारा म्हणाला. "ऐक. तू गोष्टीला राक्षस आणलास. राक्षस मेला की गोष्टही मरते, मग तिच्या उरावर त्याहून मोठा राक्षस आणून बसवावा लागतो. मी आज काहीच घडवलं नाही. मी फक्त भांडं आणि झाकण वेगळ्या घरी ठेवलं. गावाला जेवायचं चुकत नाही, म्हणून माणसं या दारांशी येत राहणार. सतेलं झाकणाशिवाय चालत नाही, म्हणून या दोघांना एकमेकांची गरज पडत राहणार. आणि ती कढी दोघंही विसरत नाहीत, म्हणून कोणतंच काम सरळ होणार नाही. आजचं बारसं कसंबसं पार पडेल, पण मांडणी तशीच राहील. प्रसंग रोज सुटावा, गाठ रोज उरावी. अशी गाठ एकदा नीट मारलीस, की कथानक तुला शोधावं लागत नाही. ते चपला काढून आपणच दारात उभं राहतं."

वाचकहो, आठवड्याला येणारी चित्रकथा असो की रोज जेवणाच्या वेळी तुमच्या ताटात डोकावणारी मालिका, पुष्कळ वर्षं चाललेली कोणतीही आठवून पाहा. तिच्या मुळाशी कोणीतरी सतेलं इकडे आणि झाकण तिकडे ठेवलेलं सापडेल. जिथे दोन्ही एकाच घरात गेली, तिथे लेखकाला नायकाचा जुळा भाऊ आणावा लागला.

त्या संध्याकाळी शिष्य बैठकीवर बसला आणि त्याने नवी गोष्ट मांडली. एका नगराच्या वेशीला एकच दार, पण कुलपं दोन. एक किल्ली थोरल्या राणीच्या पहारेकऱ्याकडे, दुसरी धाकटीच्या. दार रोज उघडावं तर लागतंच, आणि हे दोघे एकमेकांचं तोंड पाहत नाहीत. पहिल्याच दिवशी बाहेर एक सुईण येऊन उभी राहिली. आत एक बाई अडलेली. एक कुलूप निघालं. दुसऱ्या किल्लीचा धनी रुसून बसला. शिष्य थांबला. नमस्कार करून त्याने पोथी बांधली.

बैठकीत कोणी हललं नाही. मग जांभईवाला गाडीवान ओरडला, "अरे, पण ती सुईण आत गेली का नाही?"

"उद्या," शिष्य म्हणाला.

व्यापारी लगबगीने त्याच्याजवळ आला आणि हळूच विचारता झाला, "मला एकट्याला सांगा ना, गेली का?" बाहुल्यांचा विषय त्याने काढलाच नाही. शिष्य खोलीत जाऊन पाठीवर पडला आणि त्याने एवढा लांब श्वास सोडला की कोनाड्यातला दिवा हलला. सासऱ्याच्या म्हशी आता सासऱ्याने धुवाव्यात.

सकाळी तो गुरूच्या पाया पडायला गेला. म्हातारा पारावरच होता. बारसं आणि डोहाळजेवण शेवटी एकाच मांडवात झालं होतं, आणि रखमाजी आणि काकू दोन टोकांना पाठ करून जेवले होते. काकू आता ओट्यावर झाकण चिंचेने घासत होत्या.

म्हाताऱ्याला आनंद आवरेना. "गिरजाबाई," तो ओरडला, "तुमच्या भांडणावर या पोराचा संसार उभा राहिला! आता वर्षभर मिटवू नका हं."

काकूंनी हात थांबवला आणि त्याला आपादमस्तक न्याहाळलं.

"आम्ही कशाला मिटवतोय, बाबा? पण या वर्षात तुमचंच काही बरंवाईट झालं, तर तेराव्याला मी झाकण देणार नाही आणि भावजी मागायला येणार नाहीत. मग गावाने तुमच्या नावाने काय, फुटाणे खायचे?"