नकाशात नसलेलं वेटोळं

हे मी कुणाला सांगायचं नव्हतं. ओठांवर बोट ठेवून चाचांनी तसं बजावलं होतं.

पण सरांनी काल सगळ्यांदेखतच विचारलं :

“चाचा, हे वेटोळं इथं आलं कुठून?”

चाचा चेंबरच्या काठावर उकिडवे बसले होते. त्यांनी चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकाने पुसू लागले.

सर म्हणजे डॉक्टर मुळावेकर. विद्यापीठात शिकवतात. सात सरकारी विद्यापीठं एकाच काचेच्या केबलने जोडायची, म्हणजे एका ठिकाणचं ग्रंथालय, एका ठिकाणची प्रयोगशाळा सातही ठिकाणच्या मुलांना वापरता येईल, ही कल्पना त्यांची. नूरचाचा टेलिफोन खात्यात चाळीस वर्षं जोडारी, म्हणजे तारा जोडणारे, होते. निवृत्त झाले, पण जोड कठीण असला की अजून त्यांनाच बोलावतात. माझे बाबा शाळेचे पहारेकरी आहेत. आम्ही शाळेच्या आवारातच राहतो, आणि आमच्या भिंतीला लागून केबलचं एक चेंबर आहे. जमिनीत खड्डा, वर सिमेंटचं झाकण.

काल दुपारी पाण्याची पाइप टाकणाऱ्यांनी शाळेपासून दोनशे पावलांवर खोदलं आणि केबल तोडली.

आज अकरा वाजता सातही ठिकाणी एकदम सुरू व्हायचं होतं. दोन विद्यापीठं आधीपासूनच कुरकुरत होती. पहिल्याच दिवशी बंद दिसलं तर आम्ही आमची वेगळी केबल टाकू, असं त्यांनी कळवलं होतं. दोघं बाहेर पडले की बाकीचे किती दिवस टिकणार? सर हे फोनवर कुणाला तरी सांगत होते, तेव्हा त्यांचा आवाज पातळ झाला होता.

चाचांनी तुटलेली दोन टोकं सरांच्या हातात दिली.

“घ्या साहेब. जोडा.”

सरांनी ओढलं. टोकं एकमेकांपासून वीतभर लांबच राहिली. जोडायचं मशीन वर जीपमध्ये, आणि केबल खड्ड्यातून वर यायला तयार नाही.

“आणखी ओढा की सर,” लिंबाजी म्हणाला. तो खोदकामावरचा मुकादम. “गाय अडलीय, वासरू ओढायचंय असं समजा.”

कुणी हसलं नाही. लिंबाजीसुद्धा नाही.

“मध्ये नवा तुकडा टाकू,” सर म्हणाले.

“टाकू. केबलचा रोळ कुठं हाय?” चाचांनी विचारलं.

“गोदामात… उद्या संध्याकाळी येईल.”

चाचांनी अंगठ्याने एका टोकावरची माती पुसली.

“चाचा, काहीतरी करा.”

“साहेब, सैल ठेवू नका असं कुणी सांगितलं होतं?”

सरांनीच सांगितलं होतं. प्रत्येक चेंबरमध्ये जोडारी चार-सहा वेढे जादा ठेवतात, ही जुन्या लोकांची खोड, असं ते म्हणाले होते. केबल ताठ ओढा, एक मीटर वाया जाता कामा नये. उद्‌घाटनाची तालीम आमच्याच शाळेच्या हॉलमध्ये झाली, तेव्हा भाषणात त्यांनी हेच सांगितलं, आणि टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या.

“वाचलेली केबल आठव्या विद्यापीठासाठी आहे,” सर म्हणाले. “डोंगरातलं आहे ते. त्यांना कोण देणार? मी काही घरी नेत नव्हतो.”

“चांगलं काम हाय. मग डोंगरात काय पोचवणार? तुटलेलं?”

सरांनी टोकं खाली ठेवली.

चाचा उठले. चालत आमच्या भिंतीपाशी आले. लिंबाजीला खूण केली. त्याने पहार घालून झाकण सरकवलं.

आत सहा वेढ्यांचं वेटोळं होतं. काळं, धुळीने माखलेलं, सुतळीने बांधलेलं.

मी ते दिवाळीच्या सुट्टीत पाहिलं होतं. चाचा ते गुंडाळत होते तेव्हा मी भिंतीवर पेरू खात बसले होते.

तेव्हा सरांनी तो प्रश्न विचारला, आणि चाचा चष्मा पुसत राहिले.

मग माणसं लागली. इकडून वेढे सोडायचे, तिकडून ओढायचं. पाइपातून केबल सरकत गेली. चार वेढे गेले, तेव्हा तिकडचं टोक जीपपर्यंत पोचलं. केसासारख्या बारीक चोवीस तारा चाचांनी एकेक करून जोडल्या. ऊन उतरायच्या आत पलीकडून फोन आला, “दिसतंय!”

सर चेंबरच्या काठावर येऊन बसले. बूट मातीत, पँट मातीत.

“इथंच तुटेल हे तुम्हाला कसं कळलं?”

“नव्हतं कळलं.”

“मग?”

“चाळीस वर्षांत साहेब, जिथं तुटेल असं वाटलं तिथं एकदाबी तुटलं नाही.”

सर डोळे मोठे करून चाचांकडे बघत राहिले, वर्गात नवं गणित पडल्यावर आम्ही बघतो तसे.

“म्हणजे… आणखी चेंबरमध्ये पण ठेवलंय?”

“तुमच्या नकाशात किती हायेत?”

“एकही नाही.”

“मग एकबी नाही.”

सर माझ्याकडे वळले. “तुला माहीत आहे का गं?”

मी चपलेकडे बघितलं. अंगठ्याजवळचा टाका उसवलाय हे मला तेव्हा पहिल्यांदा दिसलं.

दोन वेढे उरले होते. सरांनी ते हातात घेतले. आता कापून टाकतील असं मला वाटलं. त्यांनी ते गुंडाळायला घेतलं, घट्ट, दोरीसारखं.

चाचांनी ते सोडलं.

“प्रकाश हाय आत. इतका वाकवला तर जायचा नाही. तव्याएवढं करा.”

सरांनी पुन्हा गुंडाळलं. चाचांनी पुन्हा सोडलं.

तिसऱ्यांदा जमलं.

आज अकरा वाजता सातही ठिकाणी सुरू झालं. बाबांनी सांगितलं, कुरकुरणाऱ्या दोघांचेही चेहरे पडद्यावर होते. आणि आत्ता, साडेतीन वाजता, सर परत आले आहेत. जीपमध्ये केबलचा मोठा रोळ आहे. डोंगरासाठी ठेवलेल्यातलाच. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं.

“चाचा,” ते म्हणत आहेत, “कुठल्या चेंबरपासून सुरुवात करू? रिकामं कुठलं आहे तेवढं तरी सांगा.”

चाचा विडी शोधत आहेत.

मला माहीत आहे. सायकलवरून शाळेपासून पुलापर्यंत मी चाचांच्या मागे मागे गेले होते, आणि मोजलं होतं. वेटोळं असलेली एकूण चेंबरं आहेत—

“सुमेधा! वही मिट बेटा, आणि झाकणाला हात लाव.”