आराखड्याबाहेरची बाई

"...मग त्या बायका तपासून घ्यायला येत का नाहीत?" माईंनी विचारलं.

डॉ. हेमांगी सबनीसकडे उत्तर तयारच होतं. साथीनंतर जिल्ह्यात कॅन्सरची तपासणी कशी करायची, त्याचा आराखडा तिनेच केला होता. डोंगरावरच्या या मठात ती आली होती ती खरं तर शाबासकी घ्यायला. माई तिच्या गुरू. एकेकाळच्या नावाजलेल्या सर्जन. आता मठात राहून आसपासच्या बायकांना तपासत.

"साथीत एसटी बंद होती. दवाखान्यात गेलं की कोरोना होतो, हे लोकांच्या डोक्यात बसलं. आता आम्ही तपासणीच्या गाड्याच पाठवणार. अगदी दारात!"

"दारात गाडी आली तरी जी येणार नाही, ती?"

"अशी कोण असेल?"

माईंनी तिला एकदा निरखून पाहिलं.

"असेल एखादी अडाणी," हेमांगी फटकन म्हणाली. "गाठ हाताला लागली तरी अंगावर काढणारी. अशांपुढे किती डोकं फोडायचं?"

"आणि तू आल्यापासून काखेशी हात का धरून बसलीस?"

हेमांगीने झटकन हात खाली घेतला.

साथीच्या धामधुमीत, आंघोळ करताना, तिच्याही हाताला काखेपाशी गाठ लागली होती. साथ ओसरू दे, म्हणाली. मग आराखडा होऊ दे, म्हणाली. रोज हात तिकडे जायला भ्यायचा आणि गेल्यावाचून राहायचाही नाही. नवऱ्यालासुद्धा तिने सांगितलं नव्हतं.

"माई, तसं काही नसेल..."

"नसेल."

"आणि असलं तर?"

माई उठल्या. दाराला कडी घातली आणि शेगडीवर दोन्ही तळवे धरले. गार हाताने पेशंटला शिवायचं नाही, ही त्यांची जुनी शिस्त. हेमांगीला ती पाठ होती.

"आज नको, माई. आराखडा एकदा मंजूर झाला की मी स्वतःच..."

माईंनी हात उलटे केले. शेकत राहिल्या.

"मला फार भीती वाटते हो..."

"मलाही वाटते," माई म्हणाल्या. "ये. हात गरम झालेत."