सावलीची कड

"सावलीची कड कुठे आहे, हे विचारायचं नाही," विरेश्वरबुवांनी पहिल्याच दिवशी बजावले. "आचार्य बोट ठेवतील, ती कड."

"का विचारायचं नाही?" धानाईने विचारले.

"हेही विचारायचं नाही."

टेकडीवरच्या पठारावर एक दगडी खांब होता. चार पुरुष उंच, वर निमुळता होत गेलेला, टोकाला बोटभर जाडीची लोखंडी सळई. खांबाच्या उत्तरेला फरसबंदी आणि तिच्यात कोरलेली एक सरळ रेघ. भर माध्यान्ही खांबाची सावली त्या रेघेवर येई. तिचे टोक कुठवर पोचते, यावरून आचार्य आणि त्यांचे दोन जुने शिष्य, विरेश्वरबुवा आणि कोनेरबुवा, सूर्याची चाल मोजत. दिवस आणि रात्र सारखे होतात त्या विषुवदिनाचा वेध इथेच घेतला जाई, आणि टेकडीखालच्या साऱ्या गावांची पंचांगे त्यावर बेतली जात.

धानाई एका ग्रामजोशाची लेक. बापाजवळची सगळी गणिते तिने लहानपणीच संपवली होती, आणि तसे ती भेटेल त्याला सांगतही असे.

अट सोपी होती. विषुवदिनापर्यंत राहायचे. त्या दिवशी माध्यान्ही सावलीची कड ओळखून दाखवायची. ओळखली तर वेधाला बसायचा अधिकार, जन्मभराचा. चुकली तर त्याच दिवशी टेकडी उतरायची. पुन्हा वर यायचे नाही.

तोवर तिला काम मिळाले पत्रावळी टाचण्याचे.

"गणित येतं मला," ती म्हणाली.

"छान," कोनेरबुवा म्हणाले. "मग पानं मोजून लाव."

———

"जुन्या ज्योतिष्यांची वर्षं एकमेकांशी जुळत नाहीत," एके सकाळी धानाई आचार्यांना म्हणाली. "एकाचं जरा मोठं, दुसऱ्याचं जरा लहान. मग चुकलं कोण?"

"तोंड आवर," विरेश्वरबुवा म्हणाले. "ती थोर माणसं होती."

"थोर होती, तर जुळत का नाहीत?"

"प्रत्येकाने आपापल्या गुरूचं मुकाट ऐकलं असतं, तर जुळली असती."

आचार्य हसले.

"अगदी खरं," ते म्हणाले. "एकाच ग्रंथावर सगळ्यांचं भागलं असतं."

"मग दुसरा ग्रंथ लिहिला कशाला?" धानाईने विचारले.

"पहिल्यात सांगितलेल्या वेळेला ग्रहण लागेना."

विरेश्वरबुवांनी तोंड फिरवले. धानाई पान हातात धरून तशीच बसून राहिली.

———

रेघेवर एका जागी खळगा होता. अंगठ्याच्या पेराएवढा, आतून गुळगुळीत.

"हा कशाने पडला?"

"बोटांनी," कोनेरबुवांनी सांगितले. ते मनाने वाईट नव्हते. "दर विषुवदिनी आचार्य इथे बोट ठेवतात. आम्हीही आमच्या परीक्षेत इथेच ठेवलं. तूही ठेव. घरी जावं लागणार नाही."

"पण तेव्हा सावली कुठे होती?"

"इथेच."

"तुम्ही पाहिली?"

"अगं, किती पुसट असते ती! पंजाभर रुंदीचा तो धुरकट पट्टा. त्यात काय पाहायचं? खळगा तर स्पष्ट दिसतो ना?"

धानाई तडक आचार्यांकडे गेली. ते ओट्यावर बसून धोतराला टाका घालत होते.

"तुम्ही दरवर्षी खळग्यातच बोट का ठेवता?"

"माझे गुरू ठेवत."

"आणि अगदी पहिले गुरू?"

"ज्यांनी खांब उभारला ते?" आचार्यांनी दोरा दातांनी तोडला. "त्यांच्या वेळी खळगा नव्हता."

"मग ते बोट कुठे ठेवत?"

आचार्यांनी सुईत पुन्हा दोरा ओवायला घेतला. तो काही केल्या ओवला जाईना. धानाईने हात पुढे केला, पण त्यांनी सुई दिली नाही.

———

"खांब एवढा उंच," ती दुसऱ्या दिवशी म्हणाली, "आणि सावली एवढी पुसट. मग उंच बांधून मिळवलं काय?"

"आता खांबालाही नावं ठेवा!" विरेश्वरबुवा कडाडले. "उद्या सूर्याला ठेवाल!"

आचार्य उठले. हातातली काठी त्यांनी फरसबंदीच्या सांध्यात खोचून उभी केली. काठीची सावली दगडावर पडली. टोक कसे, सुरीने कापल्यासारखे.

"हिची कड दिसते?"

"स्वच्छ दिसते."

"मग खांब पाडून टाकू या?"

धानाई काठीकडे पाहत राहिली. मग खांबाकडे. दोन दिवस ती दोन्ही सावल्यांच्या टोकांशी कोळशाने खुणा करत होती. आचार्य विचारत नव्हते, ती सांगत नव्हती.

तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "नको पाडायला. खांबाची सावली रोज तीन बोटं सरकते. काठीची जेमतेम जवभर. काठीला कालचा सूर्य आणि आजचा सूर्य जवळपास एकच वाटतो."

"आणि तरी खात्री किती आहे बघ तिला," आचार्य म्हणाले.

काठी उपटून ते निघून गेले.

———

पत्रावळी टाचता टाचता तिच्या हातून टाचायची चोय, बांबूची बारीक काडी, चुकीच्या जागी घुसली. पळसाच्या वाळक्या पानाला बारीक भोक पडले. ते पान फेकण्यासाठी तिने उचलले, आणि तिचा हात तसाच थांबला.

पानाची सावली दगडावर पडली होती. सावलीच्या मधोमध उजेडाचा एक ठिपका होता.

भोक वाकडेतिकडे होते. ठिपका मात्र गोल होता.

तिने दुसऱ्या पानाला चोय टोचली. मुद्दाम तिरकी. ठिपका गोलच. पान वर नेले, ठिपका मोठा झाला. मसुराएवढा.

"हा भोकाचा आकार नाही," ती स्वतःशीच म्हणाली. "हा सूर्य आहे."

"पानं खराब करू नकोस गं," कोनेरबुवा आतून ओरडले. "जेवायला काय तळहातावर वाढू?"

ती पान घेऊन खांबाकडे धावली. सावलीच्या धुरकट टोकावर तिने ते धरले. दगडावर मसुराएवढा सूर्य उमटला. तिने पान हळूहळू खांबाच्या दिशेने सरकवले. सूर्याच्या काठावर काहीतरी काळे आले. सुईच्या अग्रासारखे बारीक. ती सळई होती. खांबाच्या टोकावरची, चार पुरुष उंचीवरची सळई, आणि ती इथे, तिच्या पायाशी, सूर्यात घुसत होती.

धानाई श्वास रोखून पाहत राहिली. सळईचे अग्र सूर्याच्या बरोबर मध्याशी आले, तेव्हा तिने पान थांबवले.

पुसट पट्टा होता तिथेच होता. पण त्या पट्ट्याच्या आत एक जागा होती. एकच.

तिने मागे वळून पाहिले. आचार्य ओट्यावर उभे होते. किती वेळ, कोण जाणे.

"सूर्य टिंब नाही, आचार्य," ती ओरडली. "रुंद आहे! अर्धा खांबाआड असतो आणि अर्धा बाहेर, म्हणून कड पुसते. चूक खांबाची नाहीच!"

"जेवायची वेळ झाली," आचार्य म्हणाले.

———

विषुवदिन उजाडला. आभाळ निरभ्र होते.

माध्यान्हीला सगळे फरसबंदीवर जमले. दगड चांगलाच तापला होता. विरेश्वरबुवांनी मुद्दाम नवे उपरणे घेतले होते. कोनेरबुवा जाता जाता धानाईच्या कानाशी पुटपुटले, "खळगा. विसरू नकोस."

सावली रेघेजवळ येऊ लागली.

"बस," विरेश्वरबुवा म्हणाले. "आणि हातात काय आहे ते?"

"पान."

"पत्रावळीचं?"

"हो."

"ही पानाने सूर्य मोजणार का जेवायला वाढणार?" ते कोनेरबुवांकडे वळून म्हणाले. कोनेरबुवा हसले नाहीत.

धानाई रेघेशी उकिडवी बसली. डाव्या हातात पान, उजव्या हाताचे बोट मोकळे. धुरकट पट्टा रेघेवर आला. खळगा त्या पट्ट्याच्या आतच होता. तिथे बोट ठेवले असते, तर तिला खोटे कोण म्हणणार होते?

दगडावर मसुराएवढा सूर्य उमटला. काळे अग्र त्याच्या मध्याशी आले.

तिने बोट टेकवले.

खळग्यापासून बोटभर अलीकडे, खांबाच्या बाजूला.

"चुकली," विरेश्वरबुवा म्हणाले.

"बुवा, पानातून बघा..."

"खळगा डोळ्यांसमोर आहे आणि तुला दिसत नाही? काढ ते बोट!"

"वर्ष पुऱ्या दिवसांचं असतं का?" धानाईने विचारले. बोट तिथेच होते.

"काय?"

"तुम्ही रोज सकाळी ग्रंथ म्हणता. मी ऐकते. पुरे दिवस, आणि वर सुमारे पाव दिवस. हो ना?"

"मग?"

"मग दरवर्षी विषुवदिनाच्या माध्यान्ही सूर्य एकाच जागी कसा असेल? पाव दिवस उरतो, म्हणजे सावली एका वर्षी थोडी अलीकडे, दुसऱ्या वर्षी थोडी पलीकडे. तुमचंच गणित सांगतं. मग तुम्हा सगळ्यांची बोटं दरवर्षी एकाच खळग्यात कशी?"

विरेश्वरबुवांची नजर खळग्याकडे गेली.

"सूर्य हलतो," ती म्हणाली. "बोट हलत नाही. कुणीतरी बघत नाहीये."

"कोण बघत नाही?" विरेश्वरबुवांचा आवाज चढला. "मी? कोनेर? आचार्य बघत नाहीत म्हणतेस? त्यांचे गुरू बघत नव्हते?"

"मला ठाऊक नाही. मी तेव्हा नव्हते. आज मी इथे आहे आणि सावली इथे आहे."

"शेवटचं सांगतो, पोरी. बोट उचल आणि खळग्यात ठेव. वय लहान आहे म्हणून एवढी मोकळीक. नाही तर ती बघ वाट. आत्ताच्या आत्ता उतरायचं."

धानाईने वाटेकडे पाहिले. खाली गाव होते. बाप अंगणात बसून तिची वाट पाहत असेल. लेक राहणार की परतणार, त्याला काहीच ठाऊक नसेल. तिथे गेल्यावर आयुष्यभर दुसऱ्यांनी काढलेले आकडे ओळीने मांडायचे होते.

"उतरेन," ती म्हणाली. "पण बोट खळग्यात ठेवणार नाही."

कोनेरबुवा पुढे आले. गुडघ्यांवर हात रोवत, कण्हत, ते खाली बसले. सावली रेघ ओलांडून पूर्वेला सरकू लागली होती. धानाईने एका हाताने पान तिच्यासोबत सरकवले, दुसऱ्या हाताचे बोट जागेवरच ठेवले. कोनेरबुवा वाकून पाहू लागले.

"हे काय... सळई?"

"हो."

"वरची?"

"हो."

त्यांनी सळईच्या त्या अग्रापासून रेघेपर्यंत नजर नेली. सरळ. नजर धानाईच्या बोटाशी येऊन थांबली. मग बोटभर दूर असलेल्या खळग्याकडे त्यांनी पाहिले. ज्या खळग्यात तरुणपणी त्यांनी स्वतः बोट ठेवले होते.

ते उठले नाहीत.

"कोनेर," विरेश्वरबुवा म्हणाले. "अरे, बोल काहीतरी. खळग्यातच आहे ना?"

कोनेरबुवांनी खळग्याच्या काठावरून बोट फिरवले.

"कोनेर!"

कोनेरबुवांनी मान वर केली नाही.

विरेश्वरबुवांनी आचार्यांकडे पाहिले. "आचार्य, मग आजवर गावांना दिलेली पंचांगं...?" त्यांनी वाक्य पुरे केले नाही. नव्या उपरण्याचे टोक ते मुठीत चुरगाळत राहिले.

आचार्य सावकाश धानाईपाशी आले. जमिनीवर बसले. तिच्या हातातले पान त्यांनी काढून घेतले, आणि सरकणाऱ्या सावलीवर ते बराच वेळ धरून ठेवले. एकदा वर नेले. एकदा खाली. भोक बोटाने झाकले, पुन्हा उघडले. लहान मूल नवे खेळणे पाहते तसे ते पाहत होते.

मग त्यांनी पान बाजूला ठेवले आणि धानाईचे बोट टेकले होते, त्या दगडावर थोपटले.

"पुढल्या वर्षी इथेच बोट ठेवलंस," ते म्हणाले, "तर हाकलून देईन."