पुसलेली किल्ली

एकदा एक वृद्ध संगणकज्ञ दगडखाणींच्या गावी येऊन राहिला. आयुष्यभर मोठमोठ्या संस्थांचे सर्व्हर सांभाळून झाल्यावर त्याने तिथल्या धर्मार्थ दवाखान्याचे एकच काम अंगावर घेतले होते. खाणीतले मजूर आपली दुखणी फोनवरून लिहून कळवीत, दूर शहरातले डॉक्टर त्यांना उत्तरे देत, आणि ही सारी पत्रे दवाखान्यातल्या यंत्रातून ये-जा करीत. ते यंत्र खाणींच्या मालकाने, एका धनाढ्य व्यापाऱ्याने, दान दिले होते. त्याच्या नावाची पितळी पाटी यंत्रावर होती आणि ती रोज पुसावी, अशी त्याची सूचनाही होती.

वृद्धाजवळ एक शिष्य होता. बुद्धीने तल्लख, स्वभावाने उतावळा. रोज सकाळी दहाला सुरुंग लावण्यासाठी खाणीतले काम थांबे. त्या अर्ध्या घटकेत सगळे मजूर एकदमच लिहू लागत आणि यंत्र धापा टाकी. शिष्याने त्यावर उपाय योजला. मोठ्या यंत्राच्या जोडीला त्याने चार लहान यंत्रे बसवली, प्रत्येक पत्राची प्रत पाचही ठिकाणी राहील असे केले, आणि सर्वांच्या पुढे एक दारयंत्र ठेवले. येणारे पत्र ज्याच्याकडे काम कमी त्याच्याकडे धाडायचे, एवढेच त्याचे कर्तव्य. पत्रे फोनमधून कूटबद्ध होऊन निघत, म्हणजे वाटेत कोणी पाहिले तरी अक्षर लागू नये अशी. शिष्य मात्र ती दाराशीच उलगडून आत मोकळी सोडी. त्याने वेग वाढे.

वृद्धाने हरकत घेतली तेव्हा तो म्हणाला, “गुरुजी, आपल्याच घरात आतून कड्या कशाला?”

याला उत्तर मिळाले ते दुर्गव्वाकडून. वीस वर्षे खडी फोडणारी ही बाई त्याच दिवशी औषध न्यायला आली होती. तिने शिष्याला थेट विचारले, “दादा, माझ्या खोकल्याचं लिवलेलं डाक्तर सोडून कोण वाचतं?”

“कोणीच नाही, मावशी.”

“तुला येतं का वाचता?”

वृद्धाने शिष्याकडे पाहिले आणि पडद्याकडे बोट केले. शिष्याला खोटे बोलवेना. त्याने नाव शोधले, पत्र उघडले. थुंकीतून रक्त पडते, असे त्यात लिहिले होते. त्याने ते वाचले आणि पडदा झाकला.

“आलं की वाचता,” दुर्गव्वा म्हणाली. “मग उद्या मालकालाबी येईल. काम सुटलं तर मी औषध काय दगडासंगं खाऊ?”

त्याच संध्याकाळी व्यापाऱ्याचा निरोप आला. खोकल्याविषयी कोणकोण लिहिते, त्यांची नावे पाहण्यासाठी तो सोमवारी येणार होता. हाताशी चार दिवस होते.

वृद्धाने शिष्याला सगळे नव्याने रचायला लावले. पत्र आता लिहिणाऱ्याच्या फोनमध्ये बंद होई आणि डॉक्टरांच्याच फोनमध्ये उघडे. दारयंत्राला केवळ पत्ता कळे. जुनी पत्रेही तशीच कूटबद्ध झाली, त्यांच्या उघड्या प्रती मुळापासून पुसल्या गेल्या. काम संपले तेव्हा दवाखान्याकडे सगळी पत्रे उघडू शकणारी एक किल्ली, म्हणजे यंत्रात साठवलेली अक्षरांची एक लांब ओळ, उरली होती. शिष्याने ती तिजोरीत ठेवण्याची परवानगी मागितली. वृद्धाने ती घेतली आणि त्याच्यादेखत कायमची पुसून टाकली.

शिष्य हबकला. “उद्या मजूर आणि डॉक्टर, दोघांचेही फोन हरवले तर?”

“तर ते पत्र गेले.”

“हे सांभाळणे झाले का, गुरुजी?”

“सोमवार होऊ दे,” वृद्ध म्हणाला.

सोमवारी दहाच्या सुमारास व्यापारी आपल्या व्यवस्थापकासह आला. ओसरीवर मजूर फोन घेऊन बसले होते. व्यापारी सौम्यपणे म्हणाला, “मला कोणाचे वाईट करायचे नाही. आजाऱ्यांना हलके काम द्यावे म्हणतो.”

“गेल्या वर्षी तिघांनी आपला खोकला आपण होऊन सांगितला. त्यांना कोणते हलके काम मिळाले?” वृद्धाने विचारले.

“घरी बसण्याचे,” व्यवस्थापक हसून म्हणाला. “त्याहून हलके काय असते?”

व्यापाऱ्याने त्याला दटावले नाही. “यंत्र माझे आहे,” तो म्हणाला. “ते उचलून नेले तर हा दवाखाना आजच बंद पडेल.”

वृद्ध उठला. ऐन गर्दीच्या त्या वेळी त्याने मोठ्या यंत्राची वायर ओढून काढली. त्याचे दिवे विझले, पंखा थांबला. शिष्याने डोळे मिटले. ओसरीवर मात्र कोणी मान वर केली नाही. लहान यंत्रांनी आपसांत भार वाटून घेतला होता आणि उत्तरे पूर्ववत येत होती.

“न्या,” वृद्ध म्हणाला. “पत्रे आतच आहेत. एकही काढलेले नाही, फक्त सगळी कुलूपबंद आहेत.”

व्यापारी क्षणभर गोंधळला. “आणि किल्ली?”

“माझ्यापाशी नाही. होती ती पुसली.”

“या गावात राहायचे आहे तुम्हाला, हे विसरू नका.”

“विसरलो नाही, म्हणूनच पुसली.”

यंत्र गाडीत चढले, गाडी गेली. शिष्य म्हणाला, “गुरुजी, एवढे धैर्य मला कधी यायचे?”

“धैर्य?” वृद्ध म्हणाला. “मी भित्रा आहे. माझ्याजवळ किल्ली असती, तर आज ना उद्या मी ती दिली असती. धमकीने नव्हे, तर गोड शब्दाने. ज्याच्यावाचून अडते, तो आज्ञा करू लागतो. म्हणून भार असा वाटावा की कोणा एका यंत्रावाचून अडू नये, मग ते दात्याचे का असेना. आणि दुसऱ्याचे गुपित असे बंद करावे की राखणदारालाही फितूर होता येऊ नये. दात्याला द्यायचा नकार राखणदारालाही मोडता येऊ नये, इतका आधीच पक्का करून ठेवावा लागतो.”

दोन दिवसांनी व्यवस्थापकाने शिष्याला एकट्याला बोलावले. खाणीच्या कचेरीत त्याच्यासाठी जागा रिकामी असल्याचे सांगून तो म्हणाला, “आमची माणसे त्या यंत्रापुढे बसून थकली. तू उघड.”

“मला उघडता येत नाही,” शिष्य म्हणाला. हे म्हणताना त्याचा आवाज जराही कापला नाही.

“आठवड्यापूर्वी तर तुला सगळे दिसत होते. वाचलेले आठवत असेल, तेवढे सांग.”

शिष्याला दुर्गव्वाचे ते एकच वाचलेले पत्र आठवले. “आठवेल ते मी सांगणार नाही,” तो म्हणाला आणि उठून चालू लागला.

तो परतला तेव्हा वृद्धाने त्याच्या चेहऱ्याकडे पाहून विचारले, “भीती वाटली?”

“वाटली,” शिष्य म्हणाला. “एका पत्रापुरती.”